खुर्चीचा डावा हात

“ही कोणाली कदेल गो?” ही कोणाची खुर्ची, असं आईने विचारलं तेव्हा माझ्या हातात प्रेशर वॉशरची बंदूक होती आणि तिच्या टोकातून अजून पाणी ठिबकत होतं. मे महिन्याची सकाळ, साडेदहाचं ऊन, अंगणभर तांबडा चिखल. आई ओसरीच्या पायरीवर उभी, पदर कमरेला खोचलेला, कमरेवर भिरंडांची, म्हणजे कोकमांची, पाटी. “आपलीच की,” मी हसून म्हटलं. तिने पाटी खाली ठेवली, वाकून आरामखुर्चीच्या डाव्या हातावरून बोटं फिरवली, कोपराच्या जागेपासून पार टोकापर्यंत, आणि मग तीच बोटं अंगठ्यावर चोळून पाहिली. दळण आणल्यावर पीठ जाडं आलंय का ते बायका पाहतात, तशी. काही बोलली नाही. पाटी उचलून आत गेली. दुपारी जेवताना तिने एवढंच विचारलं, की कढीत मीठ पुरे आहे ना.

आई एकोणऐंशीची आहे. मोतीबिंदू काढून चार वर्षं झाली, त्यामुळे दिसतं चांगलं. लक्षात राहण्याच्या बाबतीत तर मी तिच्या पासंगालाही पुरत नाही. शेजारच्या वाड्यावरच्या कुठल्या मुलीला कोणत्या साली कुठल्या गावी दिली हे ती तिथीसकट सांगते. साठ वर्षं जी खुर्ची ओसरीवर पाहिली ती तिला ओळखू आली नाही, हे शक्यच नव्हतं. तिला ती ओळखू आली होती. म्हणूनच तो प्रश्न मला पर्वरीला माझ्या घरी परत येईपर्यंत गाडीत आणि त्यानंतरही कित्येक रात्री टोचत राहिला.

आधी त्या यंत्राबद्दल सांगते, कारण दोष यंत्राचा नाही, माझा आहे. रात्री झोप येत नसली की मी मोबाइलवर धुण्याचे व्हिडिओ बघते. मळून काळं झालेलं काहीतरी असतं, त्यावरून पाण्याची पट्टी फिरते, आणि पट्टीखालून जन्माच्या वेळचा रंग बाहेर येतो. यात काय एवढं सुख आहे ते विचारू नका. एप्रिलमध्ये वॉशर घरी आला आणि पुढच्याच शनिवारी तो डिकीत घालून मी बांदोड्याला आईकडे गेले. पहिल्यांदा पायऱ्या घेतल्या. चिऱ्यावरचं शेवाळ असं सुटत होतं की मला गाणं सुचावं. पाणी तांबडं वाहत होतं, मला वाटलं मळ चाललाय. निम्मा चिराच वाहून चालला होता हे नंतर कळलं. चिरा मुळात मऊ, आणि सांध्यातला चुना त्याहून मऊ. मग प्लास्टिकच्या चार खुर्च्या घेतल्या. त्या राखाडीच्या पांढऱ्या झाल्या. मग कोपऱ्यातली आरामखुर्ची अंगणात ओढली. वेताची बैठक नाजूक, तिच्यावर बंदूक धरायची नाही, एवढी अक्कल शाबूत होती. हातांच्या बाबतीत ती का गेली कोण जाणे. सागवान आहे, जाड आहे, याला काय होतंय, असं वाटलं असणार.

गाडीच्या टायरमध्ये हवेचा दाब साधारण 2 बार असतो. या घरगुती यंत्रातून पाणी बाहेर पडतं ते 100 बारच्या वर. सागाचं खोड वर्षागणिक एक वळं वाढतं आणि त्या वळ्याचे दोन भाग असतात: हंगामाच्या सुरुवातीला भराभर वाढलेला, मोठ्या छिद्रांचा, मऊ, आणि मागाहून सावकाश वाढलेला, घट्ट. पाण्याचा झोत मऊ भाग ओरबाडून नेतो आणि घट्ट भाग तसाच उभा राहतो. ओहोटीनंतर मिरामारच्या वाळूवर उमटलेल्या असतात तशा बारीक वळ्या त्या हातावर उठल्या होत्या. रंग मात्र सुंदर आला होता, मधासारखा, व्हिडिओत येतो तस्सा. मी फोटोही काढला होता. तो अजून मोबाइलमध्ये आहे, पुसवत नाही.

ज्यांनी ही खुर्ची पाहिली नाही त्यांच्यासाठी: ही साधी आरामखुर्ची नव्हे. हिचे हात बैठकीच्या पुढे वीतभर नव्हे, चांगले हातभर येतात, सपाट आणि रुंद. त्यावर पाय टाकून दुपारी पडायचं. गोव्यात हिला वोल्तेर म्हणतात. एवढा मोठा फ्रेंच विचारवंत आमच्याकडे दुपारच्या झोपेला जुंपला गेला, यावर आजोबा नेहमी हसायचे. साष्टीतल्या मोठ्या घरांत अशा चार-चार असतात. आमच्याकडे एकच. तिच्यात आजोबा बसायचे, ते गेल्यावर बाबा बसायचे. उजव्या हातात ‘गोमन्तक’ची घडी, डावा हात खुर्चीच्या हातावर पालथा. साठ वर्षांत त्या एका जागी लाकूड काळपट, गुळगुळीत, जरासं खोलगट झालं होतं. घाम, डोक्याच्या खोबरेल तेलाचा बोटांना लागलेला अंश, वर्तमानपत्राची शाई. शास्त्रशुद्ध भाषेत याला मळ म्हणतात. लहानपणी बाबा अंघोळीला गेले की मी त्या खोलगट जागेत माझा तळहात ठेवून बघायची, अजून किती वाढायची राहिलेय ते.

त्याच हातावर टोकाकडे एक जळका डाग होता, भोपळ्याच्या बी-एवढा. त्याची तारीख घरात सगळ्यांना पाठ. 16 जानेवारी 1967 ला गोव्याचा जनमत कौल झाला, फूल (महाराष्ट्रात विलीन व्हायचं) की दोन पानं (वेगळं राहायचं). आजोबा फुलाचे. गोवा महाराष्ट्रात गेलाच पाहिजे म्हणून त्यांनी गावोगाव सभा ऐकल्या, एकदोन ठिकाणी बोललेही. त्यांचे आतेभाऊ दोन पानांचे. निकाल लागला त्या रात्री आतेभाऊ मुद्दाम आले. पानं 34,021 मतांनी जिंकली होती, आणि हा आकडा त्यांनी ओसरीवर बसून इतक्यांदा उच्चारला म्हणे, की अखेर आजोबा उठून उभे राहिले. वाद वाढला. आतेभावांनी हातातली विडी खुर्चीच्या हातावर टेकवली, दोन्ही हात मोकळे करून बोलायला, आणि विसरले. लाकूड जळल्याचा वास आला तेव्हा दोघेही एकदम गप्प झाले. पुढे वर्षभर बोलणं नव्हतं. चवथीला आरतीच्या वेळी घुमट, ते मडक्याला चामडं चढवलेलं वाद्य, कोणी वाजवायचं यावरून परत सुरू झालं. आमच्या घरात कोंकणी बोलली जाते, मराठी लिहिली-वाचली जाते आणि भांडण दोन्हींत होतं. त्या भांडणाची सही म्हणून तो डाग होता.

आता तिथे डाग नाही. कोळसा झालेला भाग पाण्याने निघून गेला, आणि एक स्वच्छ, मधाळ रंगाची खळी उरली.

लाकूड मोडलेलं नाही, खुर्ची वापरता येते, मग एवढं वाईट का वाटावं, हे मी स्वतःला समजावून पाहिलं. समजावताना एक चित्र सारखं डोळ्यांपुढे येत होतं. वैशाखातली दुपार, पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्याच्या साठवणीची, धांदल, आणि बाबा खुर्ची उलटी करून तिच्या पायांना काजूच्या टरफलांचं तेल लावताहेत. ते तेल काळं, चिकट, वासाला उग्र, कातडीला लागलं तर फोड येतात. काजू भाजताना उडालेल्या थेंबाचा व्रण माझ्या मनगटावर अजून आहे. वाळवीला जे सहन होत नाही ते माणसालाही होत नाही, म्हणून ते फक्त खाली, पायांच्या तळव्यांना. लाकूड पाणी पितं ते तिथून, आडव्या कापलेल्या तोंडातून. उभ्या बाजूने त्या मानाने फारच कमी. बाबा फडकं काठीला बांधून तेल लावायचे, दोन दिवस खुर्ची उलटीच ठेवायचे, आणि मग चारी पायांखाली करवंट्या. पावसाळाभर करवंटीत थोडं रॉकेल, म्हणजे मुंग्या नाहीत. हे सगळं मला इतकं स्पष्ट आठवतं की मनातल्या मनात मी त्या कार्यक्रमाला ‘बाबांची खुर्ची धुणं’ असं नावही देऊन टाकलं होतं.

पुढच्या शनिवारी संध्याकाळी वीज गेली आणि आम्ही दोघी ओसरीवर बसलो. आई नेहमीप्रमाणे प्लास्टिकच्या खुर्चीत, मी पायरीवर. काळोखात बोलणं सोपं जातं म्हणून मी विषय काढला. म्हटलं, बाबा किती जपून खुर्ची धुवायचे आणि मी बघ काय करून ठेवलं. आई बराच वेळ डास मारत राहिली. मग म्हणाली, “तेल तितलें तांचें.” तेल तेवढं त्यांचं. आणि मग, रेशनचा हिशेब सांगावा तशा आवाजात, बाकीचं सगळं सांगितलं. आदल्या रात्री रिठे भिजत घालायचे. सकाळी त्याचा फेस, नारळाच्या सोडणाचा तुकडा, आणि घासायचं ते लाकडाच्या रेषेला आडवं, हलक्या हाताने. रेषेत जोर लावून घासलं तर मऊ भाग निघून येतो. खिळ्यांभोवती काळे डाग पडतात, सागाच्या रसाचं आणि लोखंडाचं जमत नाही, तिथे बिंबल, ते आंबट फळ, कापून चोळायचं आणि घटकाभराने धुऊन टाकायचं. बिंबलात ऑक्झॅलिक आम्ल असतं आणि लाकूडवाले बाजारातून त्याचीच पांढरी पूड आणून हेच काम करतात, हे मी तिला सांगितलं. तिने “असेल” म्हटलं. तिला पितळेची भांडी आणि खुर्चीचे खिळे एकाच झाडावर भागतात एवढं पुरे होतं. मग सुक्या फडक्याने पुसायचं, सावलीत वाळवायचं, उन्हात नाही. आणि पावसात, चारी महिने, दर शुक्रवारी बैठकीखालची पांढरी बुरशी कोरड्या फडक्याने.

“आणि हात?” मी विचारलं.

हातांना पाणी लावायचं नाही, असं सासूने सांगितलं होतं. म्हणून तिने साठ वर्षं ते नुसते कोरडे पुसले. म्हणजे तो काळा, गुळगुळीत, खोलगट डाग दोन माणसांनी बसून केला, हे खरं. पण तो टिकला, कारण तिसरं माणूस त्याच्या कडेकडेने सोडण फिरवत आलं. मी त्या तिसऱ्या माणसाला कधी त्या खुर्चीत बसलेलं पाहिलं नाही. हे मला त्या काळोखात पहिल्यांदाच सुचलं, पन्नाशी उलटल्यावर, आणि सुचल्यावर लाजही वाटली. आमच्या ओसरीवर बायका पायरीवर बसायच्या, उंबऱ्यात बसायच्या, तांदूळ निवडायला जमिनीवर बसायच्या. पुढे प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या, त्या कोणाच्याच नव्हत्या, म्हणून आई त्यांत बसायला लागली.

प्लास्टिकच्या खुर्चीला नावं ठेवायची फॅशन आहे. मीही ठेवलीत. पर्वरीच्या घराच्या गच्चीवर प्लास्टिक नको म्हणून मी कास्ट आयर्नसारख्या दिसणाऱ्या लोखंडी नक्षीचं टेबल आणि दोन खुर्च्या घेतल्या. दुकानदाराने सांगितलं, पावडर कोटिंग आहे, बाहेर ठेवा, काही होत नाही. खरंच काही होत नाही, जोवर त्या लेपाला टवका जात नाही तोवर. टवका गेला एका खुर्चीच्या पायाला, फरशीवर ओढताना. मांडवीवरून येणारा वारा खारट, आणि मीठ हवेतलं पाणी धरून ठेवतं. पहिल्या पावसाळ्यात त्या टवक्यातून गंज आत शिरला आणि लेपाच्या खालून, कातडीखाली गळू पसरावं तसा पसरत गेला. वरून सगळं काळंभोर, चकचकीत. बोटाने दाबलं तर पापुद्रा कडकन फुटला. मग सँडपेपर, रेड ऑक्साइड, वर काळा रंग, दर वर्षी. साध्या साबणाच्या पाण्याने महिन्यातून एकदा पुसून मीठ काढलं असतं आणि पाय उचलून ठेवले असते तर एवढं झालं नसतं, हे आता मी शेजाऱ्यांना सांगते. ते मान डोलावतात आणि खुर्च्या ओढत नेतात.

प्लास्टिकचं मात्र कौतुकच करायला हवं. आंरी मासोने नावाच्या फ्रेंच माणसाने 1972 साली एका साच्यातून एकसंध खुर्ची दोन मिनिटांच्या आत काढायची युक्ती बसवली, आणि आता आमच्या गावच्या जत्रेचं नाटक असो की शेजारच्या गावातला तियात्र (कोंकणी नाटक), लोक बसतात ते तिच्याच वंशावळीत. तिला उन्हाचं भय. वर्षानुवर्षं ऊन खाल्लं की वरचा थर पांढऱ्या भुकटीसारखा हाताला लागतो, आणि मग एक दिवस जाडजूड व्याही बसले की पाय फाकतो. घासून भुकटी निघते, ताकद परत येत नाही. आईच्या खुर्चीला मागे एक चीर गेलीय. तिथे तिने सुंभ बांधलंय.

मध्यंतरी कामानिमित्त आसगावात एका घरी गेले होते. जुनं घर, आता पाहुण्यांना भाड्याने देतात. बाल्कांव, म्हणजे दारापुढची बसायची ओसरी, इतका देखणा दुरुस्त केलेला की मी फाटकातच थांबले. चुन्याचे सोपे, म्हणजे बांधीव बाकं, लाल फरशी, आणि पुढच्या हिरवळीवर सागाचे मोठे सोफे, सगळ्यांवर राखाडी आवरणं घट्ट बांधलेली. राखणदाराने एक आवरण सोडून दाखवलं. आतून कोंदट, ओल्या कपड्यांच्या बादलीत येतो तसा वास आला, उशांवर मोहरीएवढे काळे ठिपके. पावसात झाकलं की आपण सुटलो असं वाटतं. पण ओल आत अडकते, वारा फिरत नाही, आणि बुरशीला आणखी काय हवं असतं? झाकायचं तर खालून मोकळं सोडून, आणि उशा घरात नेऊन. मी हे सगळं शहाणपण राखणदाराला ऐकवलं. तो ऐकत होता, प्लास्टिकच्या खुर्चीत बसून. बारा माणसं बसतील एवढ्या सागवानाच्या मधोमध त्याने आपली लाल खुर्ची मांडली होती. सोफ्यावर का बसत नाहीस, असं मी विचारलं नाही.

लोटलीला माझ्या मैत्रिणीची तिया, म्हणजे मावशी-आत्या, आहे. तिच्या बाल्कांवात बसायला फर्निचरच नाही, नुसते भिंतीला धरून बांधलेले दोन सोपे, समोरासमोर. त्यांची निगा म्हणजे सकाळी एक फडकं. पण बसून बसून ते इतके गार आणि मऊसूत झालेत की दगडाला त्वचा आल्यासारखं वाटतं. संध्याकाळी तिया तिथे बसते आणि रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाची चौकशी करते. ही चौकशी मला विशीत नकोशी वाटायची. आता त्या रस्त्यावरून कोणी चालत जात नाही, सगळे स्कूटरवर, आणि तिया हात वर करेपर्यंत पुढच्या वळणावर.

असो. खुर्ची.

मी मेस्तांना, म्हणजे सुतारांना, बोलावलं. त्यांनी खुर्ची पाहिली, हातावर नख ओढलं, माझ्याकडे पाहिलं आणि पाण्याच्या यंत्राबद्दल काहीच विचारलं नाही. त्यांना बहुतेक अशी गिऱ्हाइकं रोज भेटत असावीत. मी म्हटलं, पॉलिश करून द्या, पूर्वीसारखा काळपट रंग काढा. ते म्हणाले, ओसरीवर ठेवणार असाल तर लाखेचं पॉलिश नको, पहिल्या ओलीत पांढरं पडेल. वार्निश नको, ऊन लागलं की तडकतं आणि तड्यातून पाणी आत जातं. मग काय? काहीच नको, म्हणाले. सागाच्या अंगात त्याचं स्वतःचं तेल असतं. बाहेर ठेवाल तर दोन वर्षांत रुपेरी होईल, ते काही कुजणं नव्हे, उन्हाने वरची कातडी तेवढी मरते. घरात ठेवाल तर सावकाश काळवंडेल. आणि जाता जाता म्हणाले, ज्या खुर्चीत माणूस बसतो तिला बुरशी लागत नाही. वाक्य झकास होतं, मी टाळ्या द्यायच्या बाकी होते. पण ते खरं नाही. बाबा रोज बसायचे आणि तरी जुलैत बैठकीखाली पांढरी लव यायचीच. ते शुक्रवार आईला माहीत होते.

तरी मी ऐकलं नाही. माणसाला अपराधी वाटलं की तो काहीतरी फासतो. बाजारातून ‘टीक ऑइल’ची बाटली आणली. त्यात सागाचं तेल नसतं; बहुधा जवसाचं किंवा टंगचं तेल असतं आणि ते पातळ करणारं द्रावण. आधी चार दिवस लाकूड सावलीत पूर्ण वाळू दिलं, मग 120 नंबरचा सँडपेपर, मग 180, मग 220, सगळं रेषेत. वळ्या बऱ्याच बसल्या. विडीची खळी बसली नाही, मी बसवलीही नाही. मग तेलाचा एक हात दिला, उरलेलं पुसून घेतलं आणि तेलकट फडक्यांचा बोळा बादलीत टाकून जेवायला गेले. तासाभराने बादली उचलायला गेले तर बोळा हाताला गरम लागला. आजारी मुलाचं कपाळ लागतं तसा. जवसाचं तेल हवेतला प्राणवायू घेऊन सुकतं आणि त्या सुकण्यात उष्णता निघते; फडकं पसरलेलं असेल तर ती उडून जाते, बोळ्यात अडकली तर आपोआप पेटही घेते. मी वाचलेलं होतं. तरी बोळा टाकला होता. बादली धावत विहिरीकडे नेली आणि फडकी पाण्यात बुडवली. आई स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होती. एकदा विडीने जळली, आता काय सगळं घर लावतेस, असं काहीतरी ती पुटपुटली, आणि आठ दिवसांत पहिल्यांदा मला बरं वाटलं.

एक काम तेवढं नीट जमलं. बाबा गेल्यापासून वेताची बैठक लोंबली होती, खाली हात घातला तर पोट लागावं तशी. मेस्तांनीच सांगितलं तसं केलं. खुर्ची उलटी केली, कारण वेताची वरची बाजू चकचकीत सालीची, ती पाणी घेत नाही. पाणी पितो तो आतला गाभा, खालून. कढत पाण्यात जुनं पातळ बुडवून, पिळून, खालच्या बाजूने शेकलं, पुन्हा पुन्हा, अर्धा तास. वेत ओला झाला की त्याला गवताच्या गंजीचा वास येतो. मग खुर्ची तशीच वाऱ्यावर ठेवली आणि तिच्यावर कोणी बसायचं नाही असं घरात जाहीर केलं. घरात आम्ही दोघीच. रात्रभरात वेत सुकत, आखडत गेला. सकाळी मी उठायच्या आधी आई ओसरीवर होती. वाकून दोन बोटांनी बैठकीवर टिचकी मारत होती, एकदा मधे, एकदा कडेला. घुमटाचं चामडं चढवल्यावर नाद बघतात तशी. “वाजता,” ती म्हणाली. वाजते.

“बस बघू,” मी म्हटलं. “तूच बस पहिल्यांदा.” माझ्या मनात त्या क्षणाचं काहीतरी मोठं ठरलेलं होतं, ते आता लिहितानाही जरा ओशाळल्यासारखं होतं. आईने खुर्चीकडे पाहिलं, तिच्या खोल बैठकीकडे, पुढे आलेल्या लांबलचक हातांकडे, आणि मग आपल्या गुडघ्यांकडे. “हातूंत बसलें जाल्यार उठपाक जायना मागीर,” ती म्हणाली. हिच्यात बसलं तर मग उठता यायचं नाही. आणि सुंभ बांधलेली प्लास्टिकची खुर्ची ओढून तिच्यात बसली.

दुपारी मी आडवी झाले होते. उठून बाहेर आले तर अंगणातली सुपं आणि चटया भरून गेल्या होत्या. यंदा भिरंडं उदंड, सालं वाळत घालायला जागा अपुरी. आईने आरामखुर्ची उन्हात ओढली होती, एकटीने, कशी ते तिलाच ठाऊक. बैठकीवर जुनं धोतर अंथरून सालांचा एक थर. आणि दोन्ही लांब हातांवर, कोपरापासून टोकापर्यंत, एकेक साल उघडी करून, ओळीने मांडलेली. मिठाच्या रसात बुडवून काढलेली, लालभडक, निथळती. रस लाकडात उतरत होता. नुकतंच घासलेलं लाकूड, एकच हात तेल, ते काय अडवणार? डाव्या हातावर तर खळीत रसाचं इवलंसं डबकं साचलं होतं आणि त्यात एक मुंगी अडकली होती.

“डाग पडतील,” मी म्हटलं.

आई सालं उलटत होती. “पडूं दी,” ती म्हणाली, आणि मान वर न करता मला कावळे हाकायला बसवलं.

पाच जूनच्या रात्री पहिला पाऊस आला आणि आम्ही दोघींनी खुर्ची ओसरीच्या आतल्या भिंतीला लावली. बॅटरीच्या उजेडात मी डावा हात पाहिला. सालांचे गोल गोल डाग, कडेला गडद, मधे फिके, एकमेकांवर चढलेले, टोकाला खळीत जवळजवळ काळा. मी कोपऱ्यातून बिंबलाची वाटी उचलली होती. आईने करवंट्या सरकवल्या आणि म्हणाली, रॉकेल आता मिळत नाही, त्यात नुसतं पाणी घाल.